गाव खाते

तेराव्यानंतर दुकान उघडलं.
शटर अर्ध्यावर अडकतं, डावा खांदा लावून उचलायचं,
हे विसरले नव्हते.
आत सुतळीचा, टर्पेंटाइनचा वास
आणि गादीवर अण्णांचा चष्मा,
एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेला.

सुकदेव गणपत शिरोडे, हार्डवेअर व रंग, सटाणा.
आरमच्या पुलाकडून येताना डाव्या हाताला तिसरं.
मी धाकटी. हिशेब मला जमतो म्हणून
भावांनी वह्या माझ्याकडे सरकवल्या.

कुणाकडून किती येणं, ते काढत होते.
काकुळते सुतार, बिजागऱ्या, चारशे दहा.
रफिक गवंडी, थापी आणि ओळंबा.
आणि मग एक पान, वर नुसतंच: गाव.

नावे.
बल्ब साठचा, दोन, स्मशानाच्या वाटेवर.
नळाची चावी, बाजारतळ.
चुना पाच किलो, मुतारी.
शिडी बाराफुटी, परत आली नाही.
शिडी, पुन्हा बाराफुटी.
फिनेल. फिनेल. फिनेल.
मेलेलं कुत्रं पुरायला मीठ, अर्धी गोणी.

अठ्ठ्याहत्तर सालापासून थेट गेल्या पोळ्यापर्यंत.
दर दिवाळीला, वहीपूजन झालं की
तळाशी उजवीकडे कललेल्या अक्षरात एकच ओळ:
बाकी पुढे ओढली.

एकदा उभे राहिले होते. वॉर्ड चार, निशाणी कपबशी.
तेवीस मतांनी पडले.
जिंकलेल्याच्या मिरवणुकीला दोरखंड आमच्याच दुकानातून गेला.
नोंद आहे. वसुली नाही.

आणि ते बाजारतळाचा नळ दुरुस्त करत होते
तेव्हा आमच्या मोरीत
टप्, टप्, रात्रभर, पितळी घंगाळात.
वॉशर आठ आण्यांचा.
दुकानात बरणीभर.
आई म्हणायची, "घरना नळ टपकस,
आन् ह्या गावले पानी पाजतस."
अण्णा हसायचे. उद्या, म्हणायचे.
त्या हसण्याचा मला राग यायचा. अजून येतो.
माझा दहावीचा निकाल लागला त्या दुपारी
ते मागच्या गल्लीत गटारात उतरलेले,
पायजमा गुडघ्यापर्यंत,
वरूनच ओरडून सांगितले मी मार्क.

रागातच बेरीज केली. बेचाळीस हजार आणि वर काही.
मग पान उलटलं.

जमा.
थोरल्याच्या वेळी रात्री दोनला ट्रॅक्टर, भाडं घेतलं नाही.
दुकान जळालं ते साल: पत्रे अठरा. माणसं मोजली नाहीत.
हिचं पोटाचं ऑपरेशन, अडीच महिने डबे, सहा घरांतून.
धाकटी पहिल्यांदा नाशिकला निघाली,
कंडक्टर बच्छाव यांनी स्वतःची सीट दिली.
समोर रकमा नाहीत.
रकान्यात आडवी रेघ, प्रत्येकवेळी.

घर नावाचं पान शोधलं.
नव्हतं.
सगळ्यात शेवटी, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला,
पेन्सिलीनं, पुसट:
वॉशर, मोरी, नग एक. उद्या.

शटरखाली दोन पाय दिसले, धुळीचे, शाळकरी.
"ताई, शिडी आहे का? आमच्या गल्लीतला दिवा गेलाय."
दिली.
नाव विचारायचं राहिलं.

बरणीतून एक वॉशर घेऊन घरी गेले.
पान्हा हातात पाहून आई म्हणाली,
"राहू दे वं. त्या आवाजबिगर झोप येत नही."

वॉशर माझ्या पर्समध्ये आहे, सुट्ट्या पैशांत.
परवा देवळ्याच्या पुढे तिकीट काढताना
दोन रुपये समजून कंडक्टरला दिलाच होता.